भाऊजींच्या रजेची रंगीत तालीम

घराला कुलूप लावल्यावर ते एकदा ओढून बघणारी माणसं पुष्कळ असतात. आमचे भाऊजी ओढून बघतात, जिना उतरतात, अर्ध्यावरून परत चढतात, पुन्हा ओढतात आणि मग बायकोला म्हणतात, "आता तू बघ ओढून." ही बायको म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती कपडे शिवते. तोंडात कायम टाचण्या, आणि त्या काढल्या की बोलणं त्यांच्याहून जास्त टोचतं, म्हणून आम्ही तिला टाचणीच म्हणतो. तिचे ते यजमान म्हणून माझे भाऊजी. शिवाय ते ज्या संस्थेत नोकरी करतात तिथेच मी पुस्तकं वाचायला जाते. म्हणजे या माणसाची घरातली बातमी मला शिवणयंत्राशेजारी बसून मिळते आणि कचेरीतली चहाच्या टेबलावर. एवढा माल हाताशी असताना गप्प बसायला मी काही साध्वी नाही.

संस्था बोलकी पुस्तकं करते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी आमच्यासारखी रिकामटेकडी माणसं एका बंद खोलीत बसून पुस्तकं वाचतात, ती ध्वनिमुद्रित होतात आणि ऐकणारे आपापल्या घरून संस्थेच्या वेबसाइटवर जाऊन उतरवून घेतात. माझ्याकडे रहस्यकथा असतात. बाकीचे थोर चरित्रं वाचतात आणि ती कोणी उतरवून घेत नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगत नाही, एवढीच माझी सभ्यता.

पूर्वी हे सगळं कॅसेटवर चालायचं. भाऊजींचं तेव्हा टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं आणि संस्थेची यंत्रं त्यांच्याकडे यायची. कॅसेटी गेल्या, दुकान गेलं, पण संस्थेने माणूस ठेवून घेतला. वेबसाइट चालवायला कोणीतरी हवं होतं आणि यांना न कळणारी वस्तू उघडून बघायची खोड होती. टाचणी म्हणते, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिचं नवं शिवणयंत्र सुटं करून वर्तमानपत्रावर मांडून ठेवलं होतं. जोडलं पुन्हा, चांगलं चाललंही, पण तिने त्यांना आठ दिवस अबोला धरून जेवायला वाढलं.

आता वेब सर्व्हर म्हणजे काय, ते त्यांनी मला समजावलं तसंच सांगते. तो एक कायम जागा असणारा प्रोग्रॅम. ऐकणाऱ्याने घरून एखादं पुस्तक मागितलं की हा ते काढून देतो. जगातला कोणीही त्याच्याकडे काहीही मागू शकतो, म्हणून काय द्यायचं आणि काय नाही हे त्याला पक्कं ठाऊक हवं. आणि हा प्रोग्रॅम मशीनवर बसवायच्या दोन रीती. एक, बटण दाबा किंवा एक ओळ टाइप करा, बाकीचं सगळं आपोआप होतं. दुसरी, मूळ बनवणाऱ्यांकडून त्याचा कच्चा माल आणा, तो खरंच त्यांचाच आहे का ते त्यांच्या डिजिटल सहीवरून तपासा, मग आपल्याला हवे तेवढेच भाग घेऊन आपल्या मशीनवर आपल्या हाताने तयार करा. भाऊजी दुसऱ्या पंथाचे, आणि तेही कर्मठ.

त्याला कारण होतं. संस्थेच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर एक संगीत वर्ग चालतो. त्यांनी आपली वेबसाइट बटण दाबून आपोआप बसवली. बसवताना प्रोग्रॅमने स्वतःच एक पासवर्ड ठेवला होता, जो जगातल्या हरेक बसवणाऱ्याला मिळतो तोच. तो कोणी बदलला नाही आणि बसवण्याचं पानही जगाला उघडं राहिलं. वर्गातल्या गुरुजींना वाटलं, साइट दिसतेय म्हणजे काम झालं. काही दिवसांनी त्यांच्या गायनाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकू लागल्या. गुरुजींची बायको आठवडाभर त्यांच्याकडे संशयाने बघत होती, ही बातमी मात्र मी मिळवलेली आहे, भाऊजींची नाही.

आम्ही हसलो, भाऊजी हसले नाहीत. ते म्हणाले, गुरुजींचे शिष्य निदान डोळ्यांनी बघून ओळखतील की काहीतरी गडबड आहे. आपले ऐकणारे काय करतील? त्यांना यंत्र जे वाचून दाखवेल ते खरं. संस्थेच्या नावाखाली कोणी "इथे दाबा" म्हटलं तर ती माणसं विश्वासाने दाबतील. त्यानंतर त्यांनी सर्व्हर स्वतःच्या हाताने बसवला, त्यातले नको ते भाग घेतलेच नाहीत, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आली की पुन्हा सगळं पहिल्यापासून हाताने करू लागले. दुसऱ्या कोणाला त्या मशीनला हात लावू दिला नाही. रजा घेणंही बंद झालं.

इथपर्यंत ही एका चक्रम माणसाची गोष्ट होती आणि मला चहाबरोबर पुरत होती. मग मुलीचा फोन आला.

भाऊजींची मुलगी लांब राहते, आगगाडीने दोन दिवसांच्या वाटेवर. जावई फिरतीच्या नोकरीतला, सासरचं कोणी जवळ नाही. तिला दिवस गेले होते. मागच्या खेपेलाही गेले होते आणि टिकले नव्हते. तेव्हा टाचणी एकटीच गेली होती. भाऊजींनी नेमका त्या आठवड्यात सर्व्हर नव्या मशीनवर हलवायला काढला होता, आणि ते इथूनच फोनवर मुलीला "काळजी घे" म्हणत राहिले. या वेळी मुलीने आईला सांगितलं, बाबांना घेऊन ये. काम काहीच नाही, नुसते घरात असले तरी मला बरं वाटेल.

टाचणीने हे मला सांगितलं तेव्हा तोंडात एकही टाचणी नव्हती. ती म्हणाली, "या वेळी हे आले नाहीत ना, तर पोर तोंडाने काही बोलणार नाही. पण मनातून उतरतील ते तिच्या. आणि हे कळायला ह्यांना कुठलं मशीन मदत करणार नाही."

भाऊजींना जायचं नव्हतं असं नाही. रात्री उठून ते आगगाडीचं वेळापत्रक मोबाइलवर बघत बसतात, हे तिने पाहिलं होतं. पण सकाळी तेच पालुपद: सर्व्हर कोण बघणार?

संस्थेच्या संचालिका हुशार. त्यांनी ओरडाआरडा न करता एका बाईंना नेमलं. पस्तिशीतली, दोन लहान मुलांची आई, आधी एका मोठ्या कंपनीत शेकडो सर्व्हर सांभाळलेली. चालते भरभर, बोलते भरभर, चहा उभ्याने पिते. पहिल्याच दिवशी तिने भाऊजींना विचारलं, "काका, हा सर्व्हर तुम्ही तयार पॅकेजने का नाही बसवला? एका ओळीचं काम आहे." भाऊजींनी त्या दिवसापासून तिचं नाव झटपट ठेवलं. तिला ते कळलं, तेव्हा तिने टेबलावरची स्वतःच्या नावाची पाटी काढून तिथे कागदावर "झटपट" लिहून लावलं. मला ती तेव्हाच आवडली.

मग दोघांचे वाद रंगायला लागले, आणि मी रहस्यकथेची पानं उरकून वेळेवर चहाला येऊ लागले. झटपटचं म्हणणं असं की बटण दाबून काहीतरी बसवणं वेगळं आणि नीट जपलेल्या सामायिक कोठारातून आणणं वेगळं. कोठारातलं प्रत्येक सॉफ्टवेअर मोहोरबंद असतं, मोहोर मशीन स्वतः तपासतं, न विसरता. नवी दुरुस्ती आली की ती आपोआप येते. माणूस आजारी पडतो, कंटाळतो, लग्नाला जातो, मशीन जात नाही. भाऊजी म्हणायचे, आपोआप येणाऱ्या गोष्टीबरोबर आपोआप काय काय येतं ते कोण बघतं? कोठारवाले जगाला पुरेल असा सर्व्हर देतात, सगळे भाग जोडून. मला त्यातले चार हवेत, बाकीच्यांना मी घरात का घेऊ? यावर झटपट म्हणाली, "मग नको ते बंद करा की, काका. त्यासाठी सगळं घर स्वतः बांधायला कशाला हवं?" भाऊजी म्हणाले, दुसऱ्याने बांधलेल्या घराच्या भिंतीत काय आहे ते कळत नाही. ती म्हणाली, तुम्ही बांधलेल्या घराच्या भिंतीत काय आहे तेही तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही.

यावर भाऊजी चहाचा कप विसळायला निघून गेले. कप आधीच विसळलेला होता.

टाचणीला मी हा सगळा वाद जसाच्या तसा नेऊन पोचवत होते, थोडं तिखटमीठ लावून. तिने शिवता शिवता ऐकून घेतलं आणि एक अटच घातली. जायच्या आधी एक आठवडा भाऊजींनी घरी बसायचं. कचेरीत फोन नाही, मशीनला हात नाही. रंगीत तालीम. आठवडा नीट गेला तर तिकीट काढायचं. नाही गेला तर ती एकटी जाईल आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. संचालिका लगेच तयार झाल्या. भाऊजीही झाले, कारण त्यांना खात्री होती की आठवडा नीट जाणार नाही. झटपटला त्यांनी दिवसभर बसून पुस्तकं कशी चढवायची, मशीन बंद पडलं तर कसं उठवायचं, सगळं दाखवलं. सर्व्हर बसवायचं मात्र दाखवलं नाही. आठवड्यात काय लागतंय, म्हणाले.

तालीम सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे दिव्यांचे खटके उघडून साफ केले. दुसऱ्या दिवशी टाचणीच्या कात्र्यांना धार लावली, न लागणाऱ्या कात्रीलाही. तिसऱ्या दिवशी ते तिला कापड कसं बेतावं यावर सल्ला देऊ लागले, तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, संध्याकाळी ये आणि यांना कुठेतरी बोलण्यात गुंतव, नाहीतर मी विधवा होईन आणि तुरुंगातही जाईन.

मी गेले, आणि गुंतवायला बातमीही घेऊन गेले. त्या दिवशी सकाळी जगभर बोभाटा झाला होता की नेमक्या आमच्याच वेब सर्व्हरमध्ये एक भगदाड सापडलंय. बाहेरचा माणूस त्यातून आत शिरून मशीन ताब्यात घेऊ शकतो, तेव्हा सगळ्यांनी ताबडतोब नवी आवृत्ती घ्या. कचेरीत संचालिका धावत आल्या होत्या. झटपटने शांतपणे एक ओळ टाइप केली, मशीनने सांगितलं की सगळं अद्ययावत आहे, घेण्यासारखं काहीही शिल्लक नाही. ती म्हणाली, वा, दुरुस्ती आधीच आलेली दिसते. आणि उभ्याने चहा पिऊन ती मुलांना आणायला गेली.

हे मी भाऊजींना चांगलं घोळवून सांगितलं. तुमचा सर्व्हर फुटला होता, पण बाईने एका फटक्यात निस्तरला, तुम्हाला दोन दिवस लागले असते. मला वाटलं चिडतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

त्यांनी विचारलं, मशीन नक्की काय म्हणालं? मी पुन्हा सांगितलं: सगळं अद्ययावत आहे.

"ताई, मशीनला त्या सर्व्हरची खबरच नाही," ते म्हणाले. "कोठारातून जे आणलं तेवढंच ते मोजतं. माझा मी बनवून वेगळ्या जागी ठेवलाय. तिने विचारलं, सगळं ठीक आहे का? ते म्हणालं, हो. ते खोटं बोललं नाही. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं."

ते उठले, ते घरातल्या चपलांवरच. टाचणीने त्यांना अडवलं नाही. तालीम मोडली होती हे तिला आणि मला दोघींना कळलं, पण ती फक्त म्हणाली, छत्री घ्या, आभाळ भरलंय. मी अर्थातच मागोमाग गेले. असा प्रसंग कोणी दुसऱ्याकडून ऐकतं का?

वाटेत त्यांनी झटपटला फोन केला. ती धाकट्याला कडेवर घेऊनच आली. मला वाटलं होतं, आता चांगली जुंपेल. मी खुर्चीही पुढे ओढून घेतली. पण दोघं थेट मशीनसमोर बसले. आवृत्ती बघितली, जुनीच होती. झटपटच्या तोंडचं पाणी पळालं. मशीनकडे कोण कोण काय मागायला आलं होतं त्याची नोंद ते खालून वर वाचू लागले. आणि सापडलं: दुपारपासून कोणीतरी त्या भगदाडाच्या ठिकाणी टकटक करत होतं. एकदा नाही, पुष्कळदा. प्रत्येक वेळी सर्व्हरने उत्तर दिलं होतं की असं इथे काही नाही.

कारण खरंच नव्हतं. भगदाड ज्या भागात होतं तो भाग भाऊजींनी बसवताना घेतलाच नव्हता. आमच्या ऐकणाऱ्यांना त्याचा काही उपयोग नव्हता म्हणून.

संचालिका असत्या तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. मीही म्हणणार होते, भाऊजी, जिंकलात. झटपटने तर मोकळ्या मनाने म्हटलंच की काका, तुमच्या छाटणीने वाचवलं, माझ्या पद्धतीने सगळे भाग चालू राहिले असते. ते मात्र खुर्चीत तसेच बसून होते. धाकटा त्यांच्या चष्म्याकडे हात करत होता, त्यांनी तो त्याला देऊन टाकला. मग म्हणाले, "आज भगदाड जिथे पडलं तिथे माझं दार नव्हतं. पुढच्या वेळी असेल. तेव्हाही मशीन तुला सगळं ठीक आहे म्हणेल आणि तू निश्चिंत घरी जाशील. यात तुझी काय चूक? मी सगळ्या जगापासून सर्व्हर लपवला, त्यात तुझ्यापासूनही लपवला."

झटपट म्हणाली की चूक तिचीही आहे, मशीन हो म्हणालं तरी चालू असलेल्या सर्व्हरलाच विचारून खात्री करायला हवी होती. बराच वेळ दोघं एकमेकांची चूक आपल्याकडे ओढत बसले. भांडणापेक्षा हे ऐकायला फार कंटाळवाणं, म्हणून मी मध्ये तोंड घातलं: चूक वाटून घ्या आणि गाडी कधीची आहे ते बघा.

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीत जे चाललं ते मी दारातून बघत असे. त्यांनी आधी नवी आवृत्ती हाताने बसवून तातडीचा धोका मिटवला. मग दुसरं एक रिकामं मशीन घेतलं आणि त्यावर कोठारातून, झटपटच्या एका ओळीने, सर्व्हर आणला. पुढे भाऊजींचा कारभार. प्रत्येक भागासमोर ते विचारत, हा कशाला? झटपटला कारण सांगता आलं तर भाग राही, नाहीतर बंद. सर्व्हरबरोबर आपोआप येणारं नमुन्याचं पान काढलं. सर्व्हरला मशीनवर पुस्तकांपलीकडे कशालाच हात लावता येणार नाही अशी सोय केली. मला गंमत वाटली ती पुढची: हे सगळं बंद करणंही त्यांनी मशीनलाच शिकवलं. क्रमवार सूचना लिहिल्या, आणि मग बसवलेलं सगळं पुसून टाकून मशीनला म्हणाले, आता तू तुझं कर. पहिल्यांदा ते अर्ध्यावर अडलं. भाऊजींच्या चेहऱ्यावर किंचित समाधान दिसलं, मी बघितलंय. झटपटनेही बघितलं आणि म्हणाली, हसून घ्या काका, ती ओळ तुमचीच आहे. होतीच. दुरुस्त केली, पुन्हा पुसलं, या वेळी सर्व्हर कोणाचाही हात न लागता उभा राहिला, कापूनछाटून, भाऊजींनी स्वतः बसवल्यासारखा. मग सगळी पुस्तकं त्याच्या ताब्यात दिली. दुरुस्त्या आता आपोआप येतील आणि आल्या की चालू सर्व्हरची आवृत्ती तपासून दोघांच्या मोबाइलवर निरोप जाईल, हे झटपटचं. निरोप आला नाही तरीही घंटा वाजेल, हे भाऊजींचं. न आलेल्या निरोपाचीही काळजी करणारा माणूस तुम्हाला दुसरा सापडणार नाही.

घरी मात्र तिकीट निघालं नव्हतं. तालीम मोडली होती आणि टाचणी आपल्या शब्दाला पक्की. तिने एकटीची बॅग भरायला घेतली होती, आणि मी तिथेच होते जेव्हा भाऊजी येऊन पलंगाच्या कडेला बसले. ते म्हणाले, तू म्हणशील तर पुन्हा एक आठवडा घरी बसतो. ती घड्या घालत राहिली. ते म्हणाले, पण खरं सांगू का, तेवढा वेळ नाहीये.

"सर्व्हर कोण बघणार?" टाचणीने विचारलं. त्यांचंच वाक्य, त्यांच्याच सुरात.

"ती बघेल. मी काय करत होतो ते आता तिला सगळं माहीत आहे. काही चुकलं तर दोघं मिळून निस्तरू. पण मी तिथून परत येणार नाही, मूल होईपर्यंत." मग म्हणाले, "मागच्या वेळी मी मशीन हलवायला एक महिना थांबू शकलो असतो. कोणी मागे लागलं नव्हतं."

टाचणीने उठून त्यांचे दोन शर्ट काढले आणि बॅगेत आपल्या कपड्यांवर ठेवले. मग मला म्हणाली, तू काय बघत बसलीस, चहा टाक. मी टाकला. डोळे पुसायला स्वयंपाकघर बरं असतं, आणि आम्हा दोघींना आळीपाळीने ते लागलं.

ते गेले. पहिले काही दिवस भाऊजी झटपटला रोज फोन करत. मग एक दिवसाआड. झटपट म्हणते, काका आता सर्व्हरचं विचारायच्या आधी धाकट्याचं विचारतात. संस्थेत संचालिकांनी तिच्याबरोबर आणखी एकीला शिकवायला घेतलंय. भाऊजींनी तिकडून कळवलंय की तिलाही आधी एकदा सगळं हाताने बसवायला लावा, म्हणजे आपोआप काय होतं ते तिला कळेल. यावर वाद अजून चालू आहे.

मध्यंतरी आणखी एका दुरुस्तीचा निरोप आला. पहाटे कधीतरी ती येऊन बसली, सर्व्हर उठला, ऐकणाऱ्यांना कळलंही नाही. मला झटपटने सकाळी सांगितलं, आणि एवढी चांगली बातमी मी भाऊजींना लगेच फोन करून दिली नाही तर मी कसली. फोन टाचणीने घेतला. म्हणाली, मुलीचं आणि नव्या नातीचं छान चाललंय, दोघींचंही, हे मात्र रात्रभर झोपलेले नाहीत. मग भाऊजी आले. मी म्हटलं, तुमच्या मशीनची खबर आणलीय, ऐका.

"नंतर, ताई," ते हळूच म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय तिचा, माझ्या खांद्यावर."